वैनगंगेच्या कांठचें प्राचीन पवनी : उपासना आणि लोकजीवन

विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचा विषय निघाला म्हणजे आपली दृष्टि बहुधा राजवंशांकडे वळते. सातवाहनांचें मूळ स्थान कोणतें, वाकाटकांची राजधानी कोठें होती, अमक्या ताम्रपटांतील अमकें गांव आज कोणत्या नांवानें ओळखावें, ह्या प्रश्नांवर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे, व ती व्यर्थ गेली असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु ज्या नगरांतून ते राजे कर घेत त्या नगरांतील माणसें कोणास भजत, कशास भीत, पोटापाण्याचा उद्योग कसा चालवीत व मेलेल्यांची आठवण कशी ठेवीत, हा प्रश्न त्या मानानें मागें पडला आहे. प्रस्तुत लेखांत वैनगंगेच्या कांठावरील पवनी ह्या एका नगरापुरता हा प्रश्न हातीं घेण्याचें योजिलें आहे.

युरोपांतील पंडितांनीं रोमन साम्राज्याच्या प्रांतिक नगरांविषयीं हें काम फार आस्थेनें केलें आहे. डॅन्यूब नदीच्या कांठीं, हल्लींच्या बुडापेस्ट शहराच्या हद्दींत, अ‍ॅक्विंकम नांवाचें एक रोमन नगर होतें. तेथील घरें, स्नानगृहें, मिथ्र देवाचीं मंदिरें, नवसफेडीच्या शिळा व थडग्यांवरील लेख ह्यांच्या साहाय्यानें तेथील साध्या नागरिकाचा दिवस कसा उगवे व कसा मावळे हें बरेंच सांगतां येतें. इ. स. २२८ मध्यें तेथील एका संघास भेट मिळालेल्या वाद्ययंत्राचे अवशेषसुद्धां हातीं आले आहेत. पवनीचें साहित्य इतकें विपुल नाहीं. तथापि काळानें व परिस्थितीनें हीं दोन नगरें एकमेकांस अगदींच परकीं नव्हत. दोन्ही मोठ्या सत्तांच्या सीमेकडील, दोन्ही नदीच्या आश्रयानें वाढलेलीं, व दोन्हींत दूरदेशचीं माणसें येऊन मिसळलेलीं. म्हणून प्रसंगविशेषीं त्या तुलनेचा उपयोग करून घेण्यास हरकत दिसत नाहीं.

१. स्थळ व नदी

पवनी हें भंडारा जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव नागपूरच्या आग्नेयेस आहे. एका अंगास वैनगंगा व इतर अंगांस मातीचा तट आणि खंदक, अशी त्याची जुनी रचना. नदीवरील घाट व देवळांची दाटी ह्यांमुळें पवनीस ‘विदर्भाची काशी’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तेथील पंचमुखी गणेश विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जातो. एवढ्यावरून तेथें आलेला यात्रेकरू हें स्थान आरंभापासून ह्याच देवतांचें असावें असें समजून परत गेला तर त्यास दोष देतां येत नाहीं. जमिनीखालचें पवनी मात्र निराळी हकीकत सांगतें.

वैनगंगेचा उगम सातपुड्यांत, मध्यप्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत आहे. बालाघाट, गोंदिया व भंडारा ह्या प्रदेशांतून ती दक्षिणेस उतरते, वर्धा नदीस मिळाल्यावर प्राणहिता हें नांव घेते, व शेवटीं गोदावरींत विलीन होते. नकाशावर हा मार्ग बोटानें रेखून पाहिला म्हणजे पवनीच्या स्थानाचें मर्म ध्यानांत येतें. वरच्या अंगास मध्यदेश, म्हणजे भारहूत व सांची ह्यांकडे जाणाऱ्या वाटा. खालच्या अंगास आंध्रांतील स्तूपांचा प्रदेश. पवनी ह्या दोहोंच्या दरम्यानचें नाकें होय.

ह्या नदीचें प्राचीन नांव बेण्णा अथवा वेण्णा. वाकाटकांच्या तिरोडी ताम्रपटांत बेन्नाकट नांवाच्या प्रदेशाचा उल्लेख आहे, व तो वैनगंगेच्या कांठचा मुलूख होय असें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) ह्यांनीं दाखविलें. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीस त्याच्या १८ व्या राज्यवर्षाच्या लेखांत ‘बेनाकटकस्वामी’ म्हटलें आहे. हेंही बेनाकटक वैनगंगेचेंच, हें मिराशींचें मत. त्याच लेखांत गोवर्धनाचें नांव लगत आल्यामुळें तें स्थळ नाशिकच्या आसपास शोधावें असें म्हणणारा पक्षही बलवान आहे. ह्या वादाचा निकाल येथें लावण्याचें कारण नाहीं. मात्र गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिच्या लेखांत त्याच्या राज्यांतील देशांच्या यादींत विदर्भ स्पष्ट आला आहे. तेव्हां वैनगंगेचा कांठ सातवाहनांच्या सत्तेखालीं होता, एवढें पक्ष कोणताही घेतला तरी मान्य करावें लागतें.

२. स्तूप आणि त्याचे दाते

इ. स. १९६९–७० मध्यें नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ह्यांनीं संयुक्तपणें पवनी येथें उत्खनन केलें. श्री. शांताराम भालचंद्र देव व श्री. जगत्पति जोशी ह्यांनीं त्याचा वृत्तांत १९७२ मध्यें प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडी व चांदकापूर टेकडी ह्या दोन उंचवट्यांच्या पोटांत विटांचे दोन प्रचंड स्तूप निघाले. पहिल्याचा व्यास सुमारे ३८ मीटर व दुसऱ्याचा सुमारे ४१ मीटर भरला. सांचीच्या महास्तूपाचा व्यास साडेछत्तीस मीटरांच्या आसपास आहे, हें स्मरलें म्हणजे पवनीच्या वैभवाची कल्पना येते. जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाची पहिली घडण मौर्यकालाच्याही पूर्वीची असावी असें उत्खनकांचें मत आहे. पुढें तो वाढविण्यांत आला. आधीं लांकडी व मागाहून दगडी कठडा त्याच्याभोवतीं उभा राहिला. म्हणजे हें एका राजाच्या एका लहरीचें काम नव्हे. पिढ्यानुपिढ्या कोणी ना कोणी त्यांत भर घालीत होतें.

ही भर घालणारे कोण, हें कठड्याच्या दगडांवरील लहानलहान ब्राह्मी लेखांवरून कळतें. त्यांत पराक्रमाची प्रशस्ति नाहीं, वंशावळ नाहीं. अमक्याचें दान, अमकीचें दान, एवढाच मजकूर. एका दात्याच्या नांवास ‘पचनेकायिक’ हें विशेषण जोडलेलें आहे. बुद्धवचनाचे पांचही निकाय ज्यास अवगत आहेत असा, हा त्याचा अर्थ. हीच पदवी भारहूत व सांची येथेंही आढळते. म्हणजे ह्या नदीकांठच्या नगरांत त्या काळीं ग्रंथ मुखोद्गत असणारा विद्वान् वावरत होता, व त्याची विद्या इतर केंद्रांत ज्या मापानें मोजली जाई त्याच मापानें येथेंही मोजली जाई.

दुसरा एक लेख विसमिता नांवाच्या स्त्रीचा आहे. आपलें दान सर्व सत्त्वांच्या सुखास कारण होवो, असा त्याचा आशय. ह्या ठिकाणीं रोमन प्रांतांतील नवसाच्या शिळांची आठवण होते. त्या शिळांवर शेवटीं चार अक्षरें कोरण्याची चाल होती. त्यांचा अर्थ, ‘नवस आनंदानें व यथायोग्य फेडला’. ऱ्हाइन व शेल्ट नद्यांच्या मुखाकडील समुद्रकांठीं नेहालेनिया नांवाच्या देवतेचीं देवळें होतीं. मीठ, मातीचीं भांडीं व माशांचा रस्सा घेऊन ब्रिटनकडे जाणारे व्यापारी माल सुखरूप पोहोंचला म्हणजे तिच्यापुढें शिळा उभारीत. तेथें देव व भक्त ह्यांच्यामधील व्यवहार पुरा झाल्याची ती जणूं पावती असे. पवनीच्या लेखांत मात्र दानाचें फळ दात्यापुरतें न ठेवतां सर्वांस वांटून दिलेलें आहे. एवढ्यावरून एका समाजास स्वार्थी व दुसऱ्यास परमार्थी ठरविणें हा उथळपणा होईल, कारण दोन्हीकडील शब्द ठराविक सांच्यांतले आहेत. परंतु कोणता सांचा लोकांनीं निवडला व शतकानुशतकें चालविला, ह्यालाही अर्थ असतोच. विसमितेनें तो निवडला. आणि तिच्याविषयीं तिचें नांव, तिचें दान व तिची ही इच्छा, एवढेंच काळानें मागें ठेविलें आहे.

३. नाग, वृक्ष आणि रिकामें आसन

पवनीच्या शिल्पांत बुद्धाची मनुष्याकृति मूर्ति नाहीं. बोधिवृक्ष, धर्मचक्र, रिकामें आसन व त्यांपुढें हात जोडून उभे असलेले स्त्रीपुरुष, अशी त्या काळाची सर्वत्र दिसणारी रीति येथेंही आहे. ह्यांतील एक शिल्प विशेष विचारार्ह होय. रिकाम्या आसनावर पांच फणांचा नाग छाया धरून आहे, व त्याचें नांव मुचलिंद असल्याचें शेजारीं कोरलेलें आहे. संबोधीनंतर अवकाळीं पाऊस व वारा सुटला असतां मुचलिंद नागानें आपल्या फणांनीं भगवान् बुद्धांस आश्रय दिला, ही कथा सर्वपरिचित आहे. गोदावरीच्या खोऱ्यांत, तेलंगणांतील धूळिकट्टा येथील स्तूपावरही मुचलिंदाचीं शिल्पें सांपडलीं आहेत. वैनगंगेचें पाणी ज्या दिशेस जातें त्याच दिशेस ह्या शिल्पाचेंही नातें लागतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां प्रश्न असा कीं, पवनीच्या सामान्य उपासकानें ह्या शिळेपुढें हात जोडले ते कोणास? भिक्षूनें विचारलें असतें तर आसनावरील अदृश्य बुद्धास, असें उत्तर मिळालें असतें. पण धानाच्या बांधावर पावसाळ्यांत अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या मनांत त्या पांच फणा पाहून निराळाच भाव उठला नसेल असें कोण म्हणेल? नाग हा पाण्याचा धनी, ठेव्याचा राखणदार व मृत्यूचा दूत. त्याची पूजा स्तूपाहून प्राचीन आहे, आणि नागपंचमीस वारुळापुढें दूध ठेवणाऱ्या आजच्या विदर्भांतही ती लोपलेली नाहीं. स्तूपाच्या शिल्पकारांनीं ह्या जुन्या दैवतास हांकून दिलें नाहीं. त्यास बुद्धाचा रक्षक करून दगडावर मानाची जागा दिली. रोमन प्रांतांतही असेंच घडलें. ऱ्हाइनकांठच्या स्थानिक मातृदेवता रोमन सत्तेखालीं नाहींशा झाल्या नाहींत. त्यांस लॅटिन नांवें व रोमन घडणीच्या वेदी मिळाल्या, व त्यांचे भक्त पूर्वींचेच राहिले.

येथें एका नाजूक विषयाचा उल्लेख करणें प्राप्त आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं नागपूर येथें लक्षावधि अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, व दुसऱ्या दिवशींच्या भाषणांत नागपूरची निवड कां केली हें सांगतांना प्राचीन नाग लोकांनीं बुद्धाच्या धर्माचा प्रसार केल्याचें स्मरण दिलें. पवनीचे स्तूप त्यानंतर तेरा वर्षांनीं उजेडांत आले. ह्या शोधानें विदर्भांतील बौद्ध समाजास जो आनंद झाला तो सर्वथा यथार्थ होता, कारण त्यांच्या भूमींत बौद्ध धर्माचें वय सांचीइतकें जुनें आहे हें त्यामुळें निर्विवाद सिद्ध झालें. तथापि मुचलिंदाचें शिल्प व नाग नांवाचा मानवसमूह हीं दोन प्रमाणें एकाच जातीचीं नव्हेत. पहिलें उपासनेचें साक्षी आहे, दुसरें लोकसमूहाचें. एकाच्या जोरावर दुसरें सिद्ध करण्याची घाई केल्यास दोन्ही दुर्बळ होतात. पवनीचा मोठेपणा अशा घाईवर अवलंबून नाहीं.

४. पादुका, छायास्तंभ आणि देवटेकची शिळा

स्तूप सोडून इतर प्रमाणांकडे वळलें म्हणजे चित्र अधिक गुंतागुंतीचें होतें. भार कुळांतील भगदत्त नांवाच्या राजाचा एक शिलालेख पवनीस सांपडला, व तो मिराशींनीं प्रसिद्ध केला. ही शिळा पादुकांची आहे. पावलांची पूजा बौद्धांत आहे, जैनांत आहे, वैष्णवांत आहे. आणि आपल्याकडे तर कोणत्याही सत्पुरुषाच्या मागें पादुका उरतातच. ह्या शिळेचा जेवढा भाग निःसंदिग्ध आहे तेवढ्यावरून पवनीच्या परिसरांत भार नांवाचे राजे होते, व पादुकास्थापन हें त्यांस भूषणावह कृत्य वाटत होतें, असें म्हणतां येतें. पुढें वाकाटकांच्या ताम्रपटांत भारशिव नांवाच्या राजकुळाचा उल्लेख येतो. त्यांनीं शिवलिंग खांद्यावर वाहिलें व दहा अश्वमेध केले, असें त्यांत वर्णन आहे. भार व भारशिव एकच असावेत असें मिराशींनीं सुचविलें. हें अनुमान ग्राह्य धरल्यास, ज्या मातींत एवढे मोठे स्तूप उभे राहिले त्याच मातींतून कट्टर शैव राजकुळ निघालें असें होतें. व त्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं.

दुसरें प्रमाण ह्याहून मनोवेधक आहे. पवनीस एक स्मारकस्तंभ मिळाला. त्यावरील लेखांत तो महाक्षत्रप कुमार रूपिअम्म ह्याचा ‘छायाखंभ’ असल्याचें सांगितलें आहे. क्षत्रप म्हणजे शक सत्ताधीश. पश्चिम किनारा, नाशिक व माळवा ह्या भागांतील त्यांचें राज्य परिचित आहे. पण त्यांचा एक कुमार वैनगंगेच्या कांठीं स्मृतिरूपानें उभा असावा, हें ह्या स्तंभावांचून कोणाच्या स्वप्नींही आलें नसतें. नांव परकी, पदवी परकी. परंतु लेखाची भाषा प्राकृत, लिपि ब्राह्मी, व आरंभीं ‘सिद्धम्’. मृतासाठीं छायास्तंभ उभारण्याची चालही ह्याच भूमीची. आंध्रांतील नागार्जुनकोंडा येथें सेनानींचे, इतकेंच नव्हे तर एका कारागिराचेही छायास्तंभ मिळाले आहेत. डॅन्यूबकांठच्या इंटर्सिसा नांवाच्या ठाण्यांत सीरियांतील एमेसा नगराकडून आलेल्या सैनिकांची एक तुकडी होती. त्यांचीं थडगीं लॅटिन भाषेंत बोलतात. परदेशांत मरण आलें म्हणजे माणसाची आठवण त्या देशाच्या भाषेंत व त्या देशाच्या रीतीनेंच ठेवावी लागते, हें दोन्हीकडे सारखेंच.

बलश्रीच्या लेखांत गौतमीपुत्रास शक, यवन व पह्लव ह्यांचा संहारक म्हटलें आहे. राजाच्या प्रशस्तींत शक हे केवळ मारण्याजोगे शत्रु; पवनीच्या स्तंभांत मात्र त्यांच्यांतील एकासाठीं कोणीतरी शोक केला आहे. दोन्ही लेख खरे आहेत. राजवंशांचा इतिहास लिहिणारानें पहिला वाचावा. नगराचा इतिहास लिहिणारास दुसरा टाळतां येणार नाहीं.

तिसरें प्रमाण पवनीचें नव्हे, पण त्या टापूंतलें आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील देवटेक येथील एक शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयांत आहे. १८६३ मध्यें स्थापन झालेलें हें संग्रहालय ‘अजब बंगला’ ह्या नांवानें सर्वांस माहीत आहेच. ह्या एकाच शिळेवर दोन लेख आहेत. पहिला अशोककालीन वळणाच्या ब्राह्मींत असून त्यांत प्राण्यांस पकडण्यास व मारण्यास मनाई केली आहे. दुसरा वाकाटक नृपति रुद्रसेन ह्याच्या धर्मस्थानाचा आहे. पहिल्या लेखांतील चिकंबुरी म्हणजे देवटेकजवळचें चिकमारा गांव, हें मिराशींनीं १९३५ च्या सुमारास दाखवून दिलें. ह्या दोन लेखांमध्यें पांच शतकांहून अधिक काळ लोटला आहे. राज्य बदललें, भाषा बदलली, धर्मस्थानाचा देव बदलला. परंतु धर्मकृत्याची नोंद करावयाची ती ह्याच दगडावर, ही समजूत बदलली नाहीं. जगन्नाथ टेकडीचें नांवही हेंच सांगतें. खालीं स्तूप, वर जगन्नाथ. स्थानाचें माहात्म्य तेवढें अखंड.

५. रोजचें जिणें

उपासनेविषयीं दगड बोलतात. संसाराविषयीं बोलावयाचें तें मातीनें व नाण्यांनीं. पवनीच्या पोटांतील मोठ्या भागावर आजचें गांव नांदत असल्यामुळें घरें खोदून पाहण्याची सोय तेथें फारशी नाहीं. म्हणून विदर्भांतील इतर स्थळांचा आधार घेणें भाग आहे, व तो घेतांना काळाचें भान ठेविलें पाहिजे.

नागपूरजवळील जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहूरझरी व नैकुंड येथील शिळावर्तुळांच्या उत्खननांवरून असें दिसतें कीं, ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांतच ह्या प्रदेशांत लोखंड गाळण्याची व घडविण्याची विद्या चांगली रुळली होती. नैकुंड येथें तर लोखंड गाळण्याची भट्टीच सांपडली. माहूरझरी मण्यांकरितां प्रसिद्ध आहे. जंगल तोडून धानाची शेती करावयाची तर कुऱ्हाड व फाळ हवा, आणि तो ह्या लोकांपाशीं होता. स्तूपासारख्या कामास लागणारी लक्षावधि वीट भाजण्याकरितां सरपण, माती, पाणी व मजूर लागतात, आणि त्या मजुरांस खावयास घालण्याइतकें धान्य गांठीं असावें लागतें. तेव्हां स्तूपाचा व्यास हा भक्तीचा तसाच भोंवतालच्या शिवाराच्या पिकाचाही मापदंड आहे.

नागपूर जिल्ह्यांतील कुही तालुक्यांत अडम येथें १९८८ ते १९९२ ह्या वर्षांत श्री. अमरेंद्रनाथ ह्यांनीं केलेल्या उत्खननांत तटबंदीचें दुसरें नगर उघडकीस आलें. तेथील एका मुद्रेवर अस्सक जनपदाचें नांव आहे. पवनी एकटी नव्हती. वैनगंगेच्या खोऱ्यांत तटाखंदकांनीं वेढलेल्या बाजारपेठांची एक मालिकाच होती, असें ह्यावरून दिसतें. ह्या बाजारांत कोणतें चलन फिरे हें १९३९ मध्यें तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांतील तऱ्हाळें येथें निघालेल्या निधीवरून समजतें. सुमारे १,६०० नाण्यांचा हा निधि पोटीन ह्या हलक्या मिश्रधातूचा असून एका बाजूस हत्ती व दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह आहे. त्यांतून पुराणांस अज्ञात असे सातवाहन राजेही उजेडांत आले. इतिहासकारांनीं ह्या नाण्यांवरील राजांचीं नांवें वाचलीं तें योग्यच झालें; पण हीं सोन्याचांदीचीं नाणीं नव्हत, हें त्यांहून बोलकें आहे. तेलमीठ, भांडेंकुंडें व हातभर कापड घेण्यासाठीं हलकें नाणेंच लागतें.

धर्म व व्यवहार ह्यांची सांगड कशी होती ह्याचें उत्तम उदाहरण नाशिकच्या लेण्यांत आहे. नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात ह्यानें भिक्षूंच्या खर्चासाठीं ३,००० कार्षापण अक्षय ठेव म्हणून कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविले. २,००० एकीकडे, दरमहा शेंकडा एक व्याजानें, व १,००० दुसरीकडे, दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. पहिल्या ठेवीच्या व्याजांतून २० भिक्षूंस वस्त्रांसाठीं प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे. म्हणजे भिक्षूचें चीवर, शक सरदाराचें पुण्य व विणकराचा माग हे एकाच धाग्यांत ओंवलेले होते. हाच उषवदात ब्राह्मणांस गांवें देतो, व तापी, दमणगंगा इत्यादि नद्यांवर फुकट उतारू नावा ठेवतो. नदी ओलांडून देणें हेंही पुण्य, आणि तें शैवबौद्ध पाहून द्यावयाचें नसतें. पवनीसारख्या नदीकांठच्या नगरास ह्या पुण्याचें मोल नाशिककरांपेक्षां कमी कळत असेल असें वाटत नाहीं. पुढील काळांतही पवनीचें विणकाम नांवाजलेलें होतें, हेंही येथें सांगण्यासारखें आहे.

ह्या जीवनाची दुसरी बाजू वाकाटकांच्या ताम्रपटांत दिसते. हे ताम्रपट स्तूपांच्या भरभराटीहून पुष्कळ अलीकडचे. प्रवरसेन दुसरा ह्याच्या ३२ व्या राज्यवर्षाचा एक ताम्रपट पवनीसच मिळाला. दान दिलेल्या गांवास कोणत्या गोष्टी माफ, ह्याची लांबलचक यादी वाकाटकांच्या दानपत्रांत असते. शिपाई व छत्रधारी त्या गांवांत शिरणार नाहींत; गाईबैल मागितले जाणार नाहींत; फुलें व दूध द्यावें लागणार नाहीं; फिरतीवरील अधिकाऱ्यांस चारा, बसावयास कातडीं व कोळसा पुरवावा लागणार नाहीं; मीठ खणण्याचा राजाचा हक्क चालणार नाहीं; वेठबिगार नाहीं. दान घेणाऱ्या ब्राह्मणाच्या दृष्टीनें ही सवलतींची यादी. परंतु जें गांव दान दिलें गेलें नाहीं तेथील कुणब्याच्या दृष्टीनें ती त्याच्या डोक्यावरील ओझ्यांची यादी होय. दूध, चारा, बैल व अंगमेहनत, एवढें दिल्यावर जें उरे त्यांतून विसमितेसारख्यांनीं दगड दिले. पूर्वकालीं हीं ओझीं अगदीं ह्याच स्वरूपाचीं होतीं असा आमचा आग्रह नाहीं. परंतु अशीं ओझीं एका दिवसांत निर्माण होत नसतात.

६. उपसंहार

आतां सर्व प्रमाणें एकत्र ठेवून पाहूं. पवनीचें नगर बौद्ध होतें काय? स्तूपांचा आकार पाहतां होय. तें नागपूजकांचें होतें काय? शिल्पें पाहतां तसेंही म्हणतां येईल. शैव राजकुळाशीं त्याचा संबंध होता काय? भगदत्ताची शिळा तसें सुचविते. परंतु हे प्रश्न आपण आजच्या खानेसुमारीच्या तक्त्यावरून विचारीत आहों. प्रस्तुत लेखकास असें वाटतें कीं, त्या नगरांतील सामान्य माणसाचा धर्म पंथापंथांनीं विभागलेला नसून प्रसंगाप्रसंगांनीं विभागलेला होता. पुण्य जोडावयाचें तेव्हां स्तूप, पाऊस व साप ह्यांचें भय वाटे तेव्हां नाग, पूज्य पुरुषाची आठवण झाली तेव्हां पादुका, घरचें माणूस गेलें तेव्हां छायास्तंभ, आणि पैलतीरीं जावयाचें तेव्हां नावाडी.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. पंचनिकाय जाणणारा भिक्षु व अश्वमेध करणारा राजा ह्यांस आपापल्या मार्गांतील भेद खचित कळत होता. मग भेद नव्हतेच असें कसें म्हणावें? आक्षेप रास्त आहे, व भेद नव्हते असें आमचें म्हणणेंही नाहीं. विद्वान् व राजे ह्यांच्या ठायीं भेद स्पष्ट होते. बाजारांत व घाटावर ते पुसट होत. इतिहासांत दोन्ही पातळ्यांस जागा हवी. आजवर आपण पहिलीलाच सगळी जागा दिली, आणि त्याचा परिणाम असा झाला कीं, जो तो आपल्या पंथाचा दगड उचलून पवनी आपलीच म्हणूं लागला.

शेवटीं एक कर्तव्य सांगून हा लेख पुरा करितों. वैनगंगेचा कांठ आतां पूर्वींचा राहिलेला नाहीं. १९८८ मध्यें ह्याच तालुक्यांत गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. गांवें उठलीं व नवीं वसलीं. खुद्द पवनींत घराचा पाया खणतांना, विहीर खोल करतांना किंवा तटाची माती काढतांना जुनीं खापरें, विटा व नाणीं वर येणें स्वाभाविक आहे. अशी वस्तु हातीं आली असतां ती कोठें, किती खोलीवर व कशाच्या सोबत मिळाली, एवढें जरी पवनीकरांनीं टिपून ठेविलें व ती वस्तु संग्रहालयाच्या स्वाधीन केली, तरी विसमिता ज्या घरांतून स्तूपाकडे गेली त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोंचण्याची वाट पुढील संशोधकांस मोकळी होईल. तिच्या दानाचा दगड आपणांस मिळाला आहे. तिची चूल अजून मिळावयाची आहे.